न दुखणारी दुखणी : तोडीला निघालेल्यांनी आणि घरी राहणाऱ्यांनी वाचावे



सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी झाली, तुरी फुलावर यायला लागल्या आणि धारूरच्या घाटातून ट्रक-ट्रॅक्टर खाली उतरू लागले. दरवर्षीचेच हे. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटाच्या या मुरमाड रानातली घरेच्या घरे कोयता उचलून निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-साताऱ्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. मग चैत्र-वैशाखापर्यंत गावाचे तोंड दिसत नाही. भांडी, अंथरूण-पांघरूण, पिठाचा डबा, शेळी, कोंबड्या, सगळे गाडीत चढते. त्यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट चढते ती कुणाला दिसत नाही. अंगातले जुनाट दुखणे. त्याच्याबद्दल आज बोलायचे आहे. जे तोडीला जात नाहीत, घरची शेती पाहतात, त्यांनीही वाचावे. दुखणे कोयता पाहून येत नाही.

दुखण्याच्या दोन जाती

एक जात पाहुण्यासारखी. ताप, जुलाब, डोळे येणे. आली की आरडाओरडा करते, चार-आठ दिवस छळते आणि निघून जाते. दुसरी जात हरळीसारखी. वरून खुरपले की रान साफ दिसते, पण मुळी खाली तशीच. रक्तदाब म्हणजे आपण ज्याला बीपी म्हणतो तो, शुगर म्हणजे मधुमेह, दमा, अंगात रक्त कमी असणे, सांध्यांचे आणि कंबरेचे दुखणे ही या जातीची. यांतली काही, जसे रक्त कमी असणे, नीट औषधाने पूर्ण बरी होतात. बाकीची बहुधा मुळासकट जात नाहीत, पण काबूत राहतात. हरळीच्या रानातही कापूस पिकवणारे शेतकरी आहेत. ते हरळी संपवत नाहीत, पाळी घालून तिला डोके वर काढू देत नाहीत. रोजची गोळी ही अशी पाळी आहे.

सगळा घोटाळा होतो तो इथेच. तापाची गोळी आपण ताप उतरला की सोडतो, आणि ते बरोबरच आहे. तोच हिशेब आपण बीपीच्या गोळीला लावतो. महिनाभर गोळी घेतली, डोके हलके झाले, मोजले तर बीपी उतरलेला. "आता बरं वाटतंय की, गोळी कशाला?" असे म्हणून पाकीट फडताळात जाते. बीपी उतरला तो गोळीमुळे उतरला. गोळी बंद झाली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि चढताना सांगत नाही. त्यात मधे सहा महिन्यांची तोड आली म्हणजे विचारायलाच नको. गावातला दवाखाना मागे राहिला, तिकडचा दवाखाना माहीत नाही, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो.

बीपी : तुरीच्या मरासारखा

तुरीला मर लागतो तेव्हा झाड फुलावर येईपर्यंत हिरवेगार दिसते. बुरशी मात्र मुळात कधीचीच शिरलेली असते. एक दिवस एक फांदी माना टाकते आणि मग आपण म्हणतो, कालपर्यंत तर बरे होते! रक्तदाबाचे असेच आहे. पुष्कळ लोकांना वाटते की बीपी वाढला म्हणजे डोके दुखते, चक्कर येते, घाम फुटतो. यातले काही होत नाही म्हणजे आपल्याला बीपी नाही. हा मोठा गैरसमज. वाढलेल्या बीपीला बहुतेक वेळा कसलेही लक्षण नसते. तो आतून हृदयावर, मेंदूच्या शिरांवर, मूत्रपिंडावर आणि डोळ्यांवर काम करत राहतो, आणि पहिले लक्षण म्हणून लकवाच मारतो. म्हणून बीपी मोजूनच कळतो, दुसरा उपाय नाही.

मोजताना दोन आकडे सांगतात. वरचा म्हणजे हृदय आवळते तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे ते सैल पडते तेव्हाचा. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा त्याहून जास्त, अगर खालचा ९० किंवा त्याहून जास्त आला, तर बीपीचा आजार समजतात. दोन्ही वाढलेले असले पाहिजेत असे नाही, एक वाढलेला असला तरी पुरे. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी घेऊ नये. डोंगर चढून धापा टाकत आलात आणि लगेच दंडाला पट्टा बांधला, तर आकडा खोटा येतो. आकडा तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्यावा, तारखेसकट.

मिठाबद्दल थोडे सांगतो. माणसाला दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा मीठ पुरते. तोडीवर कोरड्यासाला काही नसते तेव्हा भाकरीबरोबर ठेचा, लोणचे, खारातली मिरची असते, आणि यात मीठ भरपूर. ठेचा सोडा असे म्हणणे सोपे, पण पहाटे तीनला उठून स्वयंपाक करणाऱ्या बाईला ते कसे सांगावे? एवढे करता येईल : पीठ मळताना मीठ घालू नये, ठेच्यात मीठ निम्मे करून लिंबू पिळावे, शेंगदाण्याचा कूट वाढवावा. "घाम येतो म्हणून मीठ जादा लागतं" असे काही जण म्हणतात. रोजच्या जेवणात जेवढे मीठ जाते तेवढे घामाला बहुधा पुरून उरते. उन्हात लागते ते पाणी.

बीपीच्या बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. अशा गोळीची वेळ ठरवून टाकावी, कोयत्याला धार लावताना किंवा पहिल्या चहाबरोबर, म्हणजे विसरत नाही. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पायाला सूज येणे, खोकला लागणे, उभे राहताना अंधारी येणे असे काही झाले तर स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलून मिळते.

शुगर बसून खाणाऱ्यांचीच नव्हे

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाची शुगर?" असे आपल्याकडे ठामपणे म्हणतात. राबण्याने शुगरचा धोका कमी होतो हे खरे, पण टळतो असे नाही. आईवडिलांना असेल, पोटाचा घेर वाढला असेल, बाळंतपणात कधी शुगर वाढली असेल, तर राबणाऱ्यालाही होते. काही जणांना तर लहानपणीच होते आणि त्यांना इन्सुलिनची सुई लागतेच.

लक्षणे अशी : लघवीला वारंवार जावे लागते, रात्रीही तीन-चारदा उठावे लागते. तहान भागत नाही. भूक वाढते पण वजन घटते. जखम चिघळत राहते. डोळ्यांना अंधुक दिसते. लघवीच्या जागी खाज सुटते, तळपायाची आग होते किंवा मुंग्या येतात. पुष्कळांना यातले काहीच होत नाही आणि शुगर दुसऱ्याच कशाच्या तपासणीत सापडते. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अगर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त आली, तर मधुमेह धरतात. लक्षणे नसली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथे सावरले तर पुढे जाणे लांबवता येते.

आता उसाचा प्रश्न. दिवसभर उसातच उभे राहायचे, मग तोंडात कांडे जाणारच. ज्याला शुगर नाही त्याने खावे. ज्याला आहे त्याने रस पिऊ नये आणि ऊसही चघळू नये. गुळाचेही तेच. गूळ देशी, साखर विलायती, म्हणून गूळ चालतो असे मानणारे बरेच आहेत. रक्ताला मात्र दोन्ही सारखीच. कारले, मेथी, जांभळाची बी खायला हरकत नाही, पण ती खाल्ली म्हणून गोळी सुटत नाही. बाजरी-ज्वारीची भाकरी चांगली, तीही मोजून. चार भाकरींऐवजी तीन, आणि त्या जागी भाजी, डाळ, मटकी.

शुगरवाल्यांना एक मोठा धोका पायातून येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. शुगर जुनी झाली की तळपायाची जाणीव बोथट होते. उसाचा खुंट घुसला, काच लागली, चपलेने कातडे सोलले, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून कुणी पाहत नाही. चार दिवसांनी वास येतो तेव्हा पायाचे बोट काळे पडलेले असते, आणि मग बोट, पुढे पाऊल कापायची पाळी येते. तोडलेल्या फडात उसाचे खुंट भाल्यासारखे उभे असतात. म्हणून शुगर असणाऱ्याने फडात अनवाणी जाऊच नये. पुढून बंद असलेला बूट आणि आत मोजा घालावा, बूट घालण्याआधी तो झटकून आत हात फिरवावा. संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून, उजेडात तळपाय पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर बायकोने नवऱ्याचे, नवऱ्याने बायकोचे पाहावेत, यात लाजण्यासारखे काही नाही. भेगांना तेल लावावे, बोटांच्या मधे लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. शेकायला पाय चुलीजवळ नेऊ नयेत, भाजलेले कळत नाही. जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना.

शुगर एकदम खाली गेली तरी धोका असतो. गोळी किंवा सुई घेतली, जेवण राहिले आणि फडात गेले की अंगाला कापरे सुटते, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, माणूस बरळतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. रोज वर्ज्य असलेला उसाचा रसही इथे चालतो. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग भाकरी खायला घालावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, तो ठसकून दगावतो. त्याला गाडीत घालून दवाखान्यात न्यावे. ज्याला शुगर आहे त्याने कंबरेच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवावी आणि आपल्या टोळीतल्या दोघांना तरी हे सांगून ठेवावे.

बायांसाठी : रक्त कमी, पांढरे जाणे आणि पिशवीचे ऑपरेशन

आपल्याकडच्या बायांचे सर्वात जास्त दिसणारे आणि सर्वात कमी बोलले जाणारे दुखणे म्हणजे अंगात रक्त कमी असणे. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली गेले तर रक्त कमी समजतात. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी, फिकी दिसते. जीभ, नखे फिकी. चढ चढताना दम लागतो, छाती धडधडते, मोळी उचलली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. माती, खापरी, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. "बाई माणसाला थकवा असायचाच" असे म्हणून सासूही सोडून देते आणि बाईही. थकवा हे बायांचे नशीब नाही, ते रक्ताचे लक्षण आहे.

कारणे बहुतेक तीन. खाण्यात लोह कमी, पाळीत रक्त जास्त जाणे आणि पोटात जंत. अनवाणी चालण्याने एक जातीचे जंत तळपायातूनच शिरतात. लोहाच्या गोळ्या आशाताईकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळी घेतली की संडास काळी होते, मळमळते, म्हणून निम्म्या गोळ्या उकिरड्यावर जातात. काळी संडास हा लोहाचाच रंग, घाबरू नये. मळमळ होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्यावी. चहाबरोबर कधीच घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही, मधे तास-दोन तास जाऊ द्यावेत. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. महिन्याभरात तरतरी आली तरी गोळ्या थांबवू नयेत, शरीराची कोठी भरायला आणखी तीन महिने लागतात.

आता अवघड विषय, पण बोललेच पाहिजे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या महिलांची पाहणी केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा बायांमागे एक. त्यांत चाळिशी न गाठलेल्या बायाही होत्या. कारण पाहिले तर पुष्कळदा अंगावर पांढरे जाते, पाळीत जास्त जाते, ओटीपोट दुखते. भीती घातली जाते ती कॅन्सरची. आणि त्यामागे खाडा असतो : पाळीचे चार दिवस फडात आडोसा नाही, पाणी नाही, बसायला जागा नाही, त्यापेक्षा पिशवीच नको, असे बाईलाच वाटू लागते.

भगिनींनो, पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळीच्या अधेमधे थोडे, बिनवासाचे, पाण्यासारखे जाणे हे निसर्गाचेच आहे. वास येत असेल, खाज सुटत असेल, दह्यासारखे किंवा हिरवट-पिवळे जात असेल, ओटीपोट दुखत असेल तर तो संसर्ग. त्याला बहुतेक वेळा काही दिवसांच्या गोळ्या पुरतात, आणि काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर पुन्हा तेच. पाळीत जास्त जाण्यालाही गोळ्या आहेत. पिशवी काढावी लागते, नाही असे नाही. कॅन्सर निघाला, मोठ्या गाठी असल्या, पिशवी फार खाली उतरून बाहेर आली, औषधाने रक्त थांबेना, अशा वेळी काढणेच बरे असते. पण हा निर्णय एका खोलीत, एका सोनोग्राफीच्या कागदावर आणि "उद्याच करू" या घाईत घेऊ नये. दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवून मगच ठरवावे. कॅन्सरची शंका असेल तर पिशवीच्या तोंडाची तपासणी आधी होते. तिशीनंतरच्या बायांसाठी ती सरकारी दवाखान्यांतून केली जाते. पिशवीबरोबर अंडकोशही काढले गेले तर तरुणपणीच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात. मोळी वाहून झिजलेली कंबर मग जास्तच दुखते. म्हणजे ज्या कंबरदुखीसाठी ऑपरेशन केले तीच वाढते.

या दोन गोष्टींना मात्र थांबू नका : पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे आणि संबंधानंतर रक्त दिसणे. लगेच तपासून घ्या. पुष्कळदा काही निघत नाही, पण निघाले तर वेळेवर सापडते.

कंबरदुखी आणि ती रोजची गोळी

तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढायचे, दिवसातून कितीदा तरी. कंबर, मान, गुडघे दुखणारच. दुखण्यापेक्षा त्यावरच्या इलाजाची जास्त भीती वाटते. टपरीवरून सुटी गोळी घ्यायची, सकाळी एक, रात्री एक, महिनोन्महिने. दुखणे थांबवणाऱ्या बऱ्याच गोळ्या पोटात जखमा करतात, बीपी वाढवतात आणि मूत्रपिंड खराब करतात. उन्हात पाणी कमी प्यायलेल्या शरीरात तर लवकर. बाया आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यात रोजची गोळी, त्यात न मोजलेला बीपी. मूत्रपिंड बिघडले की सुरुवातीला काही कळत नाही. तोंडावर-पायावर सूज, फेसाळ लघवी, मळमळ हे सगळे उशिरा येते. अगदी सहन होत नसेल तर साधी पॅरासिटामॉल बरी, तीही मोजून आणि पोटात अन्न असताना. काळी, डांबरासारखी चिकट संडास झाली तर गोळी थांबवून दवाखाना गाठावा. ही लोहाच्या गोळीने होणाऱ्या काळेपणापेक्षा वेगळी, हिला घाण वास असतो.

कागदात बांधलेली, नाव नसलेली पुडी कुणी "सांधेदुखीवर अक्सीर" म्हणून दिली तर घेऊ नये. तिच्याने दोन दिवसांत पळायला लागलात तर जास्तच शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले सापडते. तोंड सुजते, शुगर वाढते, हाडे भुगा होतात.

कंबरदुखीबरोबर पायाची शक्ती गेली, लघवी-संडासचा ताबा सुटला, किंवा रोज संध्याकाळी ताप येऊ लागला तर ते साधे दुखणे नव्हे. आणि सांधे आखडणाऱ्यांनी आपले पिण्याचे पाणीही तपासून घ्यावे. बीड जिल्ह्यात काही ठिकाणच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की वर्षानुवर्षे पिणाऱ्यांची पाठ-मान आखडते आणि लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उठतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. त्याला गोळी नाही, पाणी बदलणे हाच इलाज. ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

खोकला

दोन आठवड्यांच्या वर खोकला टिकला की थुंकी तपासावी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीत रक्त असेल तर एक दिवसही न दवडता. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारात फुकट आहे. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिने चालतो, आणि खाण्यासाठी दरमहा पैसे खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार रुपये झाले आहेत. तोडीला जायचे म्हणून उपचार सोडू नये. तुमचा नोंदणी क्रमांक घेऊन गेलात तर तिकडच्या दवाखान्यात औषध पुढे चालू होते. अर्धवट सोडलेला क्षय पुढे साध्या औषधाला दाद देत नाही, आणि एका खोपीत झोपणाऱ्या लेकरांनाही लागतो.

थुंकीत क्षय निघाला नाही, पण चुलीपुढे किंवा विडीवर वर्षे गेली आहेत आणि चालताना दम लागतो, तर फुप्फुसांच्या नळ्या आखडलेल्या असतात. त्याला तोंडाने ओढायचा पंप हेच चांगले औषध. "पंप लागला की सवय लागते" ही समजूत खोटी. विडी तेवढी सोडावीच लागते.

निघण्याआधी आणि तिकडे गेल्यावर

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने गाडी भरायच्या आधी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, किंवा धारूरच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बीपी, शुगर आणि हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. अर्ध्या दिवसाचे काम. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषध फुकट आहे. मोठ्या तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडते.

ज्यांना औषध चालू आहे त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगावे : "सहा महिने तोडीला चाललोय, जास्तीत जास्त जेवढ्या देता येतील तेवढ्या गोळ्या द्या आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव ठळक लिहा." "पांढरी बारकी गोळी" एवढ्यावरून तिकडचा डॉक्टर काही ओळखू शकत नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावा. थळावर पोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवावे, गोळ्या संपल्यावर नव्हे. मुकादमालाही सांगून ठेवावे. टोळीतला एक गडी लकव्याने पडला तर नुकसान त्याचेही आहे, आणि हे शहाण्या मुकादमाला कळते.

गोळ्या पत्र्याच्या डब्यात, खोपीच्या उंच जागी ठेवाव्यात. इन्सुलिन असेल तर शीशी प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती कोऱ्या मडक्यात ठेवावी, मडक्याभोवती ओले पोते गुंडाळावे. ऊन लागू देऊ नये आणि पाण्यात बुडवू नये. इन्सुलिन एक दिवसही बंद करू नये, विशेषतः लहान मुलाचे.

तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात वर उचलेना, बोलणे अडखळले तर लकव्याची सुरुवात समजावी. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर हृदयाचा झटका. शुगरवाल्यांना आणि बायांना कळ न येता नुसता दम लागूनही झटका येऊ शकतो. दोन्ही वेळी १०८ ला फोन करावा. लकव्याची गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून अंगारा, मालीश, दुसऱ्या दिवशी पाहू, यात वेळ घालवू नये.

मागे राहिलेली म्हातारी माणसे

तुम्ही निघालात की घरी राहतात ते आई-वडील आणि त्यांच्या अंगावर टाकलेली नातवंडे. बीपी-शुगर तर बहुधा त्यांनाच असते, आणि दवाखान्यात नेणारे तुम्ही नसता. निघण्याआधी त्यांची चिठ्ठी आशाताईला दाखवावी आणि दरमहा गोळ्या कोण आणून देणार ते नक्की करावे, शेजारचा पोरगा असो की भावकीतली सून. वाचता येत नसेल तर सकाळच्या गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य काढावा, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. शुगर एकदम उतरली तर काय करायचे ते मोठ्या नातवाला शिकवून ठेवावे, दहा वर्षांचे पोर साखरपाणी देऊ शकते. तिकडून फोन केला की "तब्येत कशी आहे?" असे विचारले तर म्हातारी "बरी हाय रे बाबा" एवढेच म्हणणार. त्यापेक्षा "पाकिटात गोळ्या किती राहिल्या?" असे विचारावे, तिला मोजायला लावावे. दहाच्या खाली आल्या असतील तर त्याच दिवशी आशाताईला फोन करावा.